वैद्यकीय संशोधन विद्यापीठात नोकरीसाठी अर्ज कसा करावा

स्टॉकहोमची कारोलिन्स्का असो की सॅन फ्रान्सिस्कोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, फक्त आरोग्यक्षेत्राला वाहिलेल्या अशा विद्यापीठांत डॉक्टर नसलेल्यांनाही काम मिळतं. लॅब टेक्निशियन, सांख्यिकीतज्ज्ञ, प्राणिगृहाचे कर्मचारी, क्लिनिकल ट्रायलचे (माणसांवर घेतल्या जाणाऱ्या औषध-उपचारांच्या चाचण्यांचे) समन्वयक, अनुदानाचा हिशेब ठेवणारे, अशी कितीतरी माणसं तिथे लागतात. त्यामुळे 'आपल्याला काय जमतं' हे आधी ठरवा आणि मग पदांची नावं शोधा.

जाहिरात कुठेही दिसली तरी ती विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, हे पाहा. नेमणूक पक्की करून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा.

आता जाहिरात सावकाश वाचा. पगार विद्यापीठाच्या तिजोरीतून मिळणार की एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानातून, हे सर्वात आधी शोधा. बहुतेक उमेदवार नेमकं हेच बघत नाहीत. अनुदानावरची जागा मुदतीची असते, आणि 'मुदतवाढीची शक्यता' याचा अर्थ पुढचं अनुदान मिळालं तर, एवढाच. अशी जागा वाईट नसते, पण मुदत कधी संपते हे मुलाखतीत बेधडक विचारा.

त्यानंतर आवश्यक अटींची यादी घ्या आणि अर्जासोबतचं पत्र त्याच क्रमाने लिहा. छाननी करणारे बहुधा एकेका अटीपुढे खूण करत जातात. 'रुग्णांशी संवादाचं कौशल्य आहे' या वाक्याने काहीच कळत नाही. कोणत्या अभ्यासात, कशा प्रकारच्या रुग्णांची संमती घेतली, नकार आल्यावर काय केलं, हे दोन ओळींत लिहा. अपेक्षित पण ऐच्छिक अटींपैकी एखादी पूर्ण होत नसेल, तरी अर्ज करा.

ट्रायलमधल्या पदांसाठी 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस'चं, म्हणजे ट्रायल नीट कशी चालवावी याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं, प्रशिक्षण जवळपास सगळीकडे लागतं. त्याचे छोटे ऑनलाइन कोर्स असतात, तो अर्जाआधीच करून टाका.

संशोधकांनी सीव्हीवर १६ अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, द्यावा. विद्यापीठाने 'डोरा' जाहीरनाम्यावर सही केली आहे का, तेही पाहावं. नेमणूक करताना नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात, या आकड्यावरून) माणसाची पारख करू नये, असं हा जाहीरनामा सांगतो. सही असेल तर ते आकडे मिरवण्यापेक्षा त्या शोधनिबंधात तुमचा स्वतःचा वाटा काय होता, ते लिहिलेलं जास्त उपयोगी. (सही नसली तरी मी तेच सुचवेन.)

मुलाखतीआधी गटप्रमुखाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत) शोधून वाचून जा. निदान पद्धतीचा भाग तरी नीट वाचा, कारण रोजचं काम तिथेच कळतं. शक्य असेल तर त्या गटातल्या एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याशी बोलायला मिळेल का, असं विचारा.

निवड झाल्यावर रक्ताचे नमुने हाताळायचे असतील, तर हिपॅटायटिस बी लशीची नोंद बहुधा मागतात. ते कागद आधीच शोधून ठेवा.