टॉवर भरलाय आणि एफएमचे आकडे हलवायचेत? अशी आखणी करा

फ्रीक्वेन्सी बदलायची म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, कोणाला कुठला आकडा? मी त्याला बऱ्याच खाली ठेवतो. आधी टॉवरवर आज काय लटकलंय ते स्वतः बघून लिहा: प्रत्येकाची फ्रीक्वेन्सी, पॉवर, अँटेनाची उंची, फीडर (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची केबल), कंबायनरचा (अनेक ट्रान्समीटर एका अँटेनाला जोडणाऱ्या यंत्राचा) इनपुट. फाइलमधल्या ड्रॉइंगवर जाऊ नका. ड्रॉइंग आणि टॉवर यांची गाठ क्वचितच पडते.

मग गणित. दोन ट्रान्समीटरांचे सिग्नल एकमेकांत मिसळले की नको ते सिग्नल तयार होतात, ते कुठे पडतात हे काढायचं. एका फ्रीक्वेन्सीची दुप्पट करा, त्यातून दुसरी वजा करा. आपल्या इंदुरात ९२.७, ९३.५ आणि ९४.३ मेगाहर्ट्झ वाजतात. हे तिघे एकाच टॉवरवर आहेत असं धरा. ९३.५ ची दुप्पट १८७, त्यातून ९२.७ गेले की उरतात ९४.३. म्हणजे दोघांच्या मिसळीतून निघालेला कचरा नेमका तिसऱ्याच्या दारात! एका शहरात खाजगी एफएममध्ये ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे अशा सारख्या पायऱ्या सहज पडतात. तिसऱ्याकडे कितीही चांगला फिल्टर लावा, त्याच्याच चॅनलवर बसलेला कचरा निघत नाही. तो मुळातच होऊ द्यायचा नाही: एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या ट्रान्समीटरमध्ये उलटा शिरता कामा नये. म्हणून कंबायनरच्या इनपुटांमधलं आयसोलेशन, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याकडे किती अडतो ते, स्वतः मोजा, कंपनीच्या कागदावर विसंबू नका.

हेच गणित १०८ च्या वरही करा, कारण तिथून ११७.९७५ पर्यंत विमानांचा पट्टा आहे. समजा ९८.३ च्या शेजारी कोणी १०४.८ सुचवला. २०९.६ वजा ९८.३ म्हणजे १११.३. हा आकडा धावपट्टीची दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेच्या पट्ट्यात पडतो. मी असा प्रस्ताव पुढे नेण्याआधी दुसरा आकडा शोधतो. शिवाय दोन स्टेशनांत १०.७ मेगाहर्ट्झचा फरक टाळा. टॉवरजवळच्या साध्या रेडिओंना तो बाधतो.

आता क्रम. ‘अ’ला जिथे जायचंय तिथे आज ‘ब’ आहे, ‘ब’ला ‘क’ची जागा हवी. बाण काढून बघा. बाण फिरून ‘अ’कडेच आले, तर कोणाला तरी तात्पुरता चॅनल द्यावाच लागेल, आणि त्याची परवानगीही आधीच मागावी लागेल. अमेरिकेत टीव्हीच्या काही फ्रीक्वेन्सी मोबाइलसाठी विकणाऱ्या, २०१७ मध्ये संपलेल्या लिलावानंतर टीव्ही स्टेशनं १० टप्प्यांत हलवली, २०२० च्या जुलैपर्यंत. त्यामागे अशा साखळ्या होत्या, आणि टॉवरवर चढणाऱ्या कुशल माणसांची टंचाईही.

त्या माणसांवरूनच तुमचं कॅलेंडर ठरतं. माणूस अँटेनापाशी गेला की त्या टॉवरवरच्या सगळ्यांनी पॉवर उतरवायची किंवा बंद करायची, काम कोणा एकाचं असलं तरी. म्हणून प्रत्येकाच्या शटडाउनच्या रात्री एकत्र बांधा. पावसाळ्यात वर चढायचं काम ठेवू नका. गणपती-दिवाळीत तर जाहिरातींमुळे कोणी तासभरही सोडत नाही.

कॅव्हिटी (कंबायनरमधले फिल्टरचे डबे) नव्या फ्रीक्वेन्सीला ट्यून केल्यावर पूर्ण पॉवरवर तापू द्या आणि पुन्हा तपासा. आधी एकेक ट्रान्समीटर लावा, मग सगळे एकदम. खोट तेव्हाच दिसते. वजनाचा हिशेब बसत असेल तर जुनी अँटेना लगेच उतरवू नका. टॉवरमालक भाड्यावरून कुरकुरेल, कुरकुरू द्या.