मुलांमध्ये काम करायला येणाऱ्या स्वयंसेवकाची पडताळणी कशी करावी

वस्तीतल्या अभ्यासिकेत नवा स्वयंसेवक आला की पहिल्याच रविवारी मुलं त्याला 'दादा' म्हणायला लागतात. दुसऱ्या रविवारी एखादी चिमुरडी हक्काने त्याच्या मांडीवर येऊन बसते. तिसऱ्या रविवारी तिची आई त्याला चहाला घरी बोलावते. हा विश्वास त्याने कमावलेला नसतो. आपल्या संस्थेकडे बघून लोकांनी तो त्याला दिलेला असतो. म्हणून तो माणूस कोण, कुठला, आधी काय करत होता, हे मुलांनी त्याला दादा म्हणायच्या आधी आपण पाहून घ्यायला हवं.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 2012 चा. त्याखालचे 2020 चे नियम सांगतात की शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी किंवा मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या कुठल्याही संस्थेने तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करावी, आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करावी. मग तो शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडल्यावर आपल्याकडे शाळांच्या बाबतीत हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. नियमात शब्द 'कर्मचारी' असा आहे, त्यामुळे 'आमच्याकडे पगारी कोणी नाही' असं म्हणून कितीतरी मंडळं, शिबिरं आणि संस्कारवर्ग मोकळे होतात. मला हे पटत नाही. समोरचा पगार घेतो की नाही, हे मुलाला काय माहीत?

यादी स्वतःपासून सुरू करा

कागद-पेन घ्या आणि मुलांच्या आसपास येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लिहा. शिकवणारे आलेच. त्याशिवाय व्हॅनवाले काका, शिबिरातला आचारी आणि त्याचा मदतनीस, फोटो काढणारा, सभागृहाची चावी ज्याच्याकडे असते तो. यादीत सगळ्यात वर विश्वस्तांची आणि स्वतःची नावं ठेवा. 'अहो, ते आपल्या ओळखीचे आहेत' हे वाक्य कुणासाठीही चालू देऊ नका. पॉक्सोच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. एका दिवसापुरत्या आलेल्या पाहुण्याची पडताळणी करायची गरज नाही, मात्र त्याला मुलांसोबत एकटं सोडायचं नाही.

ज्येष्ठ मंडळींना याचा राग येतो. 'माझं वय बघा' म्हणतात. अशा वेळी अध्यक्षांचं प्रमाणपत्र फाइलमध्ये पहिलं लावलेलं असलं की बोलणं सोपं होतं. ऑस्ट्रेलियात रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्याच लोकांना मुलांसोबतच्या कामासाठी तिथल्या सरकारी तपासणीतून जावं लागतं आणि तिथे त्यात कुणाला अपमान वाटत नाही, हेही मी सांगते.

अर्ज आणि ओळखपत्र

एक पानी अर्ज पुरतो. त्यात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घ्या, पूर्वीची नावं घ्या (लग्नानंतर बदललेलं आडनावसुद्धा), गेल्या पाच वर्षांतले पत्ते आणि आधी काम केलेल्या संस्था विचारा. आपल्याविरुद्ध कधी गुन्हा नोंदला गेला होता का आणि मुलांसोबतच्या कामातून कधी बाजूला व्हावं लागलं का, हे दोन प्रश्न सरळ शब्दांत विचारा आणि खाली सही घ्या. नातेवाईक नसलेल्या दोन माणसांचे फोन नंबर मागा. त्यातला एक तरी आधीच्या कामाच्या ठिकाणचा असावा.

ओळखपत्र मूळ बघायचं आणि प्रत ठेवायची. आधार घेतलं तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. हे कागद व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. माणूस विश्वासाने आपले कागद देतो, तेही जपायला हवेत.

पोलिसांचं प्रमाणपत्र

आपल्याला लागतं ते 'चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र'. पासपोर्ट कार्यालयातून मिळतं ते पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट वेगळं. ते पासपोर्टधारकांना परदेशी जाण्यासाठी लागतं. नावांच्या गोंधळात तरुण स्वयंसेवक भलत्याच साइटवर पैसे भरून बसतात, म्हणून हे आधीच स्पष्ट सांगा. चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. अर्ज ज्याचा त्यानेच करायचा असतो. फोटो, सही, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. प्रमाणपत्र कशासाठी हवं आहे हे सांगणारं संस्थेचं पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह द्या. पुढे राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं, तेव्हा मूळ कागद घेऊन जायचं.

मागच्या वर्षी एका कॉलेजच्या मुलीसोबत मी ठाण्यात गेले होते. ती आयुष्यात पहिल्यांदाच पोलीस ठाण्याची पायरी चढत होती. भाड्याची खोली, आधारवर गावचा पत्ता आणि भाडेकरार मैत्रिणीच्या नावावर. तिला दोनदा परत यावं लागलं. तेव्हापासून बाहेरगावच्या स्वयंसेवकांना आम्ही राहत्या पत्त्याचा पुरावा आधी जमवायला सांगतो आणि शक्य असेल तर आमच्यापैकी कुणीतरी सोबत जातं. शुल्कही संस्थेनेच भरावं, असं माझं मत आहे.

मात्र या कागदाची मर्यादा नीट समजून घ्या. पोलिसांकडे ज्याची नोंद आहे तेवढंच त्यात येतं. ज्याची तक्रारच झाली नाही, जे घरातल्या घरात मिटवलं गेलं, ते त्यात कुठून येणार? लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून ठेवली जाते, पण ती फक्त तपास यंत्रणांसाठी आहे, संस्थांना पाहता येत नाही. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात, पण त्यावर फार विसंबू नका. एकाच नावाचे जाधव आणि शिंदे एका जिल्ह्यात किती निघतील! काही सापडलंच तर वडिलांचं नाव ताडून बघा आणि त्या माणसालाच विचारा.

फोन करा, स्वतः करा

पडताळणीचा खरा कस इथे लागतो आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. मेसेज नको, पत्र नको, फोनच करा. कोऱ्या कागदावर 'चांगला आहे' लिहून द्यायला कुणाचं काही जात नाही. फोनवर मात्र आवाज ऐकू येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण आला होता. गणित उत्तम शिकवायचा, गिटार वाजवायचा, प्रमाणपत्र स्वच्छ. त्याच्या आधीच्या संस्थेतल्या ताईंना मी फोन केला. त्यांनी भरभरून कौतुक केलं. शेवटी मी विचारलं, "तो उद्या परत तुमच्याकडे आला, तर घ्याल का?" पलीकडे शांतता. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली तेवढीच. मग त्या म्हणाल्या, "ऑफिसच्या कामाला घेऊ."

"आणि मुलांच्या वर्गावर?"

"लेखी काही देता येणार नाही हो आम्हाला."

मी त्याला घेतलं नाही. त्याच्यावर कसला आरोपही केला नाही, कारण माझ्या हातात काही नव्हतं. मुलांसोबतचं काम देऊ शकत नाही, एवढंच सांगितलं. पण त्या ताईंची संस्था तेव्हाच बोलली असती तर, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

'परत घ्याल का?' आणि 'वर्गावर एकट्याने सोडाल का?' हे दोन प्रश्न प्रत्येक फोनवर विचारा. उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

नोंद निघाली तर

जुन्या आंदोलनातला किंवा रस्त्यावरच्या अपघाताचा गुन्हा वेगळा. त्या माणसाला समोर बसवून ऐकून घ्या आणि दोघा-तिघांनी मिळून ठरवा. मुलांवरच्या किंवा लैंगिक गुन्ह्याची नोंद निघाली तर चर्चा नको. आणि खोटी माहिती दिली असेल तर गुन्हा किरकोळ असला तरी माझ्या लेखी विषय संपला.

आत घेतल्यावर

पहिले तीन महिने नव्या माणसाने जुन्या माणसासोबतच वर्ग घ्यायचा. पुढेही वर्गात दोन मोठी माणसं असावीत, निदान दार तरी उघडं असावं. मुलांशी खासगी चॅट नको, घरी सोडायला एकट्याने जाणं नको, एकाच मुलाला सारखं बक्षीस नको. हे नियम लिहून त्यावर सही घ्या आणि पालकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे नियम मोडलेला त्यांनाही कळेल.

काही घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर संस्थेत चौकशी समिती बसवत वेळ घालवू नका. पॉक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. आमचा आधी फळ्याच्या वर होता. एका पाचवीतल्या मुलीनेच सांगितलं की तिथलं तिला वाचता येत नाही.

पडताळणी पुन्हा कधी करायची ती तारीख वहीत लिहून ठेवा. आम्ही दर दोन वर्षांनी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात करतो. पहिला अर्ज माझा असतो.