अरबी पाटीवरचा रस्ता कसा वाचावा

सुरुवात उजवीकडून. पहिलं अक्षर शीन: तीन दात, वर तीन ठिपके. त्याला चिकटलेला उभा दांडा म्हणजे अलिफ. अलिफ पुढच्या अक्षराला जोडला जात नाही, म्हणून रा सुटा; रा-ही तसाच, म्हणून शेवटचा ऐनही सुटा. झाला 'शारिअ', म्हणजे रस्ता. घाईत अलिफ आणि रा यांची अदलाबदल केलीत तर 'शिराअ' वाचाल. ते जहाजाचं शीड!

त्यापुढे नाव येतं. 'अल' लिहिलेलं असलं तरी सरसकट तसंच म्हणू नका. बगदादमध्ये 'शारिअ अल-मुतनब्बी', पण 'शारिअ अर-रशीद'. २८पैकी १४ अक्षरांआधी हा 'ल' पुढच्या अक्षरात विरतो.

मराठी डोळा फसतो तो आकड्यांत. इजिप्तमध्ये आणि आखातातल्या बऱ्याच पाट्यांवर पाच हा पोकळ गोल, थेट आपल्या शून्यासारखा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. दोनाचं वळणही ओळखीचं, त्यामुळे २० नंबरचं घर शोधणारा २५पाशी उभा राहतो. शिवाय शब्द उजवीकडून वाचले तरी आकडा डावीकडूनच वाचायचा.

दुबईच्या जुन्या वस्तीतला बोळ म्हणजे 'सिक्का'. आपला शिक्का याच शब्दावरून आला. अरबीत त्याला नाण्याचा ठसा आणि वाट, असे दोन्ही अर्थ आहेत. ट्युनिशियात पाटीवर 'नहज' दिसेल, मोरोक्कोत 'झन्का'.

अरब देशांबाहेर मात्र 'शारिअ' शोधत बसू नका. दूरवर गेला तो गल्लीचा शब्द, 'झुकाक'. तुर्कीत त्याचा 'सोकाक' झाला आणि उस्मानी राजवटीबरोबर बोस्निया, सर्बिया, बल्गेरियापर्यंत पोचला. तुर्की पत्त्यात नाव आधी, सोकाक नंतर. आकडा असेल तर 'सोकाक' तसाच राहतो. नाव असेल तर प्रत्यय लागून शेवटचा क जवळजवळ गिळला जातो. त्यामुळे नकाशात शोधताना 'सोक' एवढंच टाका. पत्त्यातही तेच संक्षिप्त रूप असतं. मोठ्या रस्त्याचा 'जाद्दे' हाही मूळचा अरबीच.

माल्टी भाषा अरबीतूनच निघालेली, पण लिपी रोमन. तिथे रस्ता 'त्रीक', म्हणजे अरबी 'तरीक', आणि बोळ 'स्काक', म्हणजे पुन्हा झुकाकच. क्रम अरबीसारखा: माल्टाची राजधानी वालेटामधला 'त्रीक इर-रेपुब्लिका'. 'ल' इथेही विरतो, फक्त माल्टीत तो उच्चाराप्रमाणेच लिहितात, त्यामुळे वाचताना अंदाज बांधावा लागत नाही. 'त्रीक'मधला क मात्र म्हणायचा नाही. त्या जागी श्वास घशात क्षणभर अडवायचा.