पाचशे नावांना अडीच सेकंद, तर साठ हजारांना किती?

"कितलो वेळ लागतलो?" एका पतसंस्थेचे मॅनेजर फोनवर विचारत होते. पणजीत पाटोवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात मी लागलो त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. काम होतं सभासदांच्या यादीतली दुबार नावं हुडकायचं. गोव्यात हे काम वाटतं तितकं सरळ नसतं. जुन्या कागदांवर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, नव्या कागदांवर आधार कार्डावरचं. माणूस एकच, पण एका वहीत कामत, दुसरीत कामोतीम. इथे प्रभू, तिथे पोरोब. म्हणून मी प्रत्येक नाव उरलेल्या प्रत्येक नावाशी ताडून बघत होतो: किती अक्षरं बदलली, घातली किंवा गाळली की या नावाचं ते नाव होतं? याला लेव्हेनश्टाइन अंतर म्हणतात.

५०० नावांवर चालवून पाहिलं. २.५ सेकंद. पूर्ण यादी १२,००० ची, म्हणजे २४ पट. शाळेत घोटून घेतलेलं त्रैराशिक मांडलं आणि फोनवर सांगून टाकलं, "एका मिनिटात देतो, सर."

त्या मिनिटाला ३२ मिनिटं लागली. मॅनेजरांचा दोनदा फोन आला, आमच्या सीनियरनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून चहा संपवला, आणि शेवटी शांतपणे विचारलं, "अरे, परीक्षेत तू एन स्क्वेअर लिहून मार्क घेतले होतेस ना?"

घेतले होते. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करताना बिग-ओ मला तोंडपाठ होतं: काम, म्हणजे एन, वाढलं की वेळ कशी वाढते ते लिहायची पद्धत. एन स्क्वेअर म्हणजे वेळ एनच्या वर्गाप्रमाणे वाढते. पण ते पेपरात लिहायचं असतं, घड्याळाला लावायचं असतं हे डोक्यातच शिरलं नव्हतं. नव्याने या कामात येणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं असं मी आता पाहतो, म्हणून हे सगळं लिहितोय.

त्रैराशिक तेव्हाच चालतं जेव्हा एका वस्तूचा भाव ठरलेला असतो. दोन नारळांचे इतके, तर वीस नारळांचे तितके. माझ्या कामात भाव नावाला नव्हता, जोडीला होता. ५०० नावांच्या जोड्या होतात १,२४,७५०. १२,००० नावांच्या होतात जवळपास ७ कोटी २० लाख. नावं २४ पट झाली, जोड्या ५७६ पटींनी वाढल्या.

सीनियरनी त्या दुपारी मला एकच गोष्ट करायला लावली, आणि आजही मी सगळ्यात आधी तीच करतो. काम दुप्पट-दुप्पट करत जायचं आणि वेळ लिहून ठेवायची. माझे आकडे असे आले: ५०० नावांना २.५ सेकंद, १,००० ना ८.५, २,००० ना ३२.५, ४,००० ना १२८.५. आता मागच्या वेळेने पुढच्या वेळेला भागायचं. ३.४, मग ३.८, मग ३.९५. गुणोत्तर ४ कडे सरकतंय. दुप्पट कामाला चौपट वेळ, म्हणजे वर्गाचा नियम.

पहिलंच गुणोत्तर ४ का नाही आलं? कारण प्रत्येक वेळेत अर्धा सेकंद फाइल उघडण्याचा आणि लायब्ररी लोड होण्याचा होता. तो नावं वाढली म्हणून वाढत नाही. तो वजा केला की २, ८, ३२, १२८ उरतात, अगदी चोख चौपट. छोट्या चाचणीवरून अंदाज फसतो त्याचं हे एक मोठं कारण: लहान कामात हा ठरावीक खर्च इतका ठळक असतो की खरी वाढ त्याच्याआड लपते.

गुणोत्तर २ आलं तर वाढ सरळ आहे, ८ आलं तर घनाची. २ पेक्षा किंचित जास्त, म्हणजे २.१ च्या आसपास आलं, तर बहुधा सॉर्टिंगसारखं, म्हणजे यादी क्रमाने लावण्यासारखं काम आहे, ज्याला एन लॉग एन म्हणतात. हा फरक मात्र मोजून सहसा पकडता येत नाही. मशीनच्या रोजच्या चढउतारात तो बुडून जातो. तिथे कोडच वाचावा लागतो. आणि उलट, नुसता कोड वाचून समाधान मानलं तर साध्या दिसणाऱ्या एका ओळीत दडलेला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारं काम, नजरेतून सुटतो. यादीत एखादी गोष्ट आहे की नाही हे बघणारी ओळ दिसते इवलीशी, पण आत ती अख्खी यादी चाळत असते. एकदाच मोजून आख्ख्या प्रोजेक्टचा अंदाज देणाऱ्या माणसावर मी आता विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही वर्षांचा अनुभवी असो.

बरं, ४,००० वरून १२,००० म्हणजे तिप्पट, वेळ नऊ पट, १२८ गुणिले ९, म्हणजे १९ मिनिटं. मग ३२ कशी लागली?

यात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. माझी चाचणीची नावं म्हणजे फाइलच्या वरच्या ओळी होत्या, आणि त्या सगळ्या फोंड्याकडच्या शाखेच्या. छोटी, सुटसुटीत नावं. खाली सासष्टीची शाखा होती. तिथे तीन-तीन नावं, मध्ये 'दा' आणि 'दे', आणि शेवटी आडनाव. दोन नावांमधलं अंतर काढायचा खर्च दोघांच्या लांबीच्या गुणाकाराइतका असतो. नावं दीडपट लांब झाली की प्रत्येक जोडीला सव्वादोन पट वेळ. म्हणजे माझ्या कामात वाढणारी गोष्ट एक नव्हतीच, दोन होत्या, आणि मी एकच मोजत होतो. 'एन म्हणजे नेमकं काय?' हा प्रश्न पुस्तकात कुणी विचारत नाही, कारण तिथे एन आधीच दिलेला असतो. नोकरीत तो तुम्हालाच शोधावा लागतो.

म्हणून चाचणीसाठी पहिल्या ओळी उचलू नका, सगळ्या फाइलमधून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ओळी निवडा. प्रत्येक मोजणी चार-पाच वेळा करा आणि सगळ्यात कमी आलेली वेळ धरा, कारण आड येणाऱ्या गोष्टी वेळ वाढवतात, कमी करत नाहीत. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. मे महिन्यात पंख्याखाली बसून मोजत असाल तर एक लक्षात ठेवा: तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो, आणि दुपारचे आकडे सकाळशी जुळत नाहीत.

पुढे त्या संस्थेने सगळ्या शाखांची यादी एकत्र करायचं ठरवलं. ६०,००० नावं. आता मी शहाणा झालो होतो. पाचपट नावं, पंचवीस पट वेळ. ३२ मिनिटांचे झाले १३ तास २० मिनिटं. रात्रभर लावून ठेवू म्हटलं. पण वेळेआधी मेमरीने हात टेकले. मी प्रत्येक जोडीचं अंतर एका मोठ्या कोष्टकात साठवत होतो, एका घराला ८ बाइट. १२,००० नावांना ते साधारण सव्वा जीबीच्या आत बसत होतं. ६०,००० ना २८.८ जीबी हवी होती आणि माझ्याकडे होती ८. मेमरी संपली की मशीन डिस्कवर ये-जा करायला लागतं, आणि मग कुठलंही गुणोत्तर कामाचं राहत नाही. अंदाज काढताना वेळेसोबत जागेचाही हिशोब करा. चढण कुठे अचानक उभी होणार ते तिथे आधी दिसतं. कोष्टक काढून टाकलं, फक्त जवळची नावं लिहून ठेवली, तेवढ्याने तो प्रश्न मिटला.

वेळेचं काय? कोणीतरी सुचवलं, तालुकावार गट पाडा. बारा तालुके, काम बाराव्या हिश्शावर. कागदावर बरोबर, जर गट सारखे असतील तर. १२,००० च्या यादीत हजार-हजारचे बारा गट पडले असते तर मिळून जोड्या झाल्या असत्या ६० लाख. प्रत्यक्षात एकट्या सासष्टीतच ४,००० नावं होती, आणि त्यांच्याच जोड्या ८० लाख. एक गट बाकी अकरांना खाऊन टाकतो. शिवाय वर्गाचा नियम तसाच राहतो. यादी दुप्पट झाली की वेळ चौपटच, फक्त सुरुवात खालून होते.

मग उच्चारावरून गट पाडायचं साउंडेक्स वापरून पाहिलं. ही पद्धत १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट झालेली, बरीच जुनी. आमच्याकडे ती पार आपटली, कारण ती नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवते. रोमन लिपीत कामत 'के' ने लिहितात आणि कामोतीम 'सी' ने, म्हणजे नेमकी जी जोडी सापडायला हवी तीच दोन वेगळ्या गटांत. शेवटी ऑफिसातल्या दोन जुन्या माणसांना बसवून आडनावांच्या पर्यायांची यादी हाताने केली आणि आडनावावर गट पाडले. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका यात सुटतात, हे संस्थेला लेखी सांगितलं. वेळ वाचवताना काय गमावतोय ते लपवू नये.

आणखी एक फसगत. हेच काम मग प्रत्येक काउंटरवर हवं झालं: कर्जाचा अर्ज आला की ते एक नाव ६०,००० शी ताडायचं. एका अर्जाला साधारण १ सेकंद. मी म्हटलं, उत्तम. पण शाखा अनेक, सर्व्हर एक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाच भाजीवालीपुढे गर्दी झाल्यावर काय होतं ते आठवा. अर्ज वाटेल तेव्हा येत असतील, प्रत्येकाला लागणारी वेळही बरीच कमीजास्त असेल आणि सर्व्हर निम्मा वेळ कामात असेल, तर सरासरी १ सेकंदाच्या कामाला ढोबळमानाने २ सेकंद लागतात. ८० टक्के कामात असेल तर ५, ९० टक्क्यांना १०, ९५ टक्क्यांना २०. रोज सुरळीत चाललेली गोष्ट चवथीच्या आधीच्या आठवड्यात का गुदमरते ते यावरून कळतं. गर्दी थोडीच वाढलेली असते, रांग मात्र कितीतरी. आधी मला वाटायचं लोक उगाच कांगावा करतात.

इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांना एक सांगतो. 'याची कॉम्प्लेक्सिटी किती?', म्हणजे काम वाढलं की वेळ कशी वाढते, असं विचारलं की उत्तर देऊन थांबू नका. दहा हजारांवर किती सेकंद लागतील ते कागदावर काढून दाखवा, चुकलं तरी चालेल. आमच्याकडे मुलं घेताना आम्ही तेच बघतो.

आडनावांचे गट पाडल्यावर ६०,००० चं काम काही मिनिटांवर आलं. सगळ्यात मोठा गट नाईकांचा होता, ३,००० चा, आणि त्या एकट्यालाच सव्वा मिनिट लागायचं. परवा त्याच मॅनेजरांचा फोन आला. दुसरी एक संस्था त्यांच्यात विलीन होतेय, यादी १,२०,००० वर जाईल, तर कितलो वेळ लागतलो?

मी म्हटलं, "सर, त्यांच्याकडे नाईक किती आहेत ते आधी सांगा."