काळोख्या डिसेंबरात खिडकीतली मेथी

लंडनमध्ये डिसेंबरअखेरीचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो, पुण्यात तो अकरा तासांचा. तिकडून आलेल्यांना मरगळ येणारच. अशा वेळी रोज बघण्यासारखं काहीतरी घरात उगवत असावं, आणि मेथीइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

डब्यातले २ मोठे चमचे मेथीदाणे (भाजलेले नकोत, ते रुजत नाहीत) रात्रभर भिजवा. तळाला भोकं असलेल्या ट्रेमध्ये ४ सेंटिमीटर माती घाला, दाणे विरळ पसरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. मग ट्रे दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, पण रेडिएटरच्या वर नको. ऊब जास्त आणि उजेड कमी झाला की रोपं लांबुळकी होऊन लोळतात. रोज सकाळी ट्रे फिरवा.

पाणी वरून ओतू नका. ताटलीत पाणी घेऊन ट्रे पंधरा मिनिटं त्यात ठेवा, उरलेलं पाणी फेका. माती सतत चिंब राहिली तर बुरशी येते आणि देठ मातीलगत कुजतात. तसं झालं तर माती टाकून ट्रे धुवा, पुन्हा पेरा.

दोन-तीन आठवड्यांत कात्रीनं कापा. कांदा, दाण्याचं कूट, कच्चं तेल, मीठ घालून घोळाणा करा. भाकरीबरोबर अप्रतिम लागतो!

पेरणीच्या दिवशी कॅलेंडरवर सूर्यास्ताची वेळही लिहा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत संध्याकाळ जवळजवळ तासाभरानं लांबते, आणि ते आकड्यांत दिसलं की खरंच धीर येतो.