डेबिट कार्ड वापरताय? मग आधी अ‍ॅपमध्ये जाऊन लिमिट लावा

कोल्हापुरात महाद्वार रोडला दुकानात कार्ड घालून पिन दाबला की दुकानाच्या मशीनकडून निरोप थेट तुमच्या बँकेला जातो, पिन बरोबर आहे का आणि खात्यात पैसे आहेत का एवढं बघून बँक लगेच रक्कम कापते. क्रेडिट कार्डासारखं बिल आल्यावर बघू, असं इथं चालत नाही. दुधाचं, उसाचं आलेलं बिल, पगार, जे त्या खात्यात असेल ते जागच्या जागी जातं.

म्हणून कार्ड हातात आलं की बँकेचं अ‍ॅप उघडायचं. त्यात एटीएम, दुकान, ऑनलाइन, परदेशी व्यवहार आणि टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं), प्रत्येकाला वेगळं बटण आणि वेगळी लिमिट असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर ऑनलाइन, परदेशी आणि टॅप बंदच येतं, आपण सांगितलं तरच चालू होतं. परदेशी बंदच राहू दे. ऑनलाइन तिकीट काढायचंय, चालू करा, काढलं की बंद, मिनिटभराचं काम आहे. टॅपला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणजे कार्ड कुठं पडलं तर ज्याला सापडेल तो खरेदी करून मोकळा, त्यामुळं मी तरी बंद ठेवा म्हणेन. आणि एटीएममधून एका वेळी पाच हजारच काढत असाल तर रोजची लिमिट तेवढीच करा की.

पिन, ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे सगळ्यांना पाठ झालंय. पण कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारे अजून लय आहेत. यूपीआय पिन नव्यानं सेट करताना कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि एक्सपायरी तारीख विचारतात, ते फोटोत दिसतंय बघा.

एटीएमवर "मावशी, द्या इकडं, मी काढून देतो" म्हणणाऱ्याला कार्ड द्यायचं नाही. असले लोक पिन बघून ठेवतात आणि तसलंच दुसरं कार्ड हातात देऊन जातात. बाहेर पडायच्या आधी कार्डावरचे शेवटचे चार आकडे वाचायचे, घरातल्या आई-आज्जीला हे नक्की शिकवा.

दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर कोल्हापुरात महिन्याला ५ व्यवहार फुकट, मुंबईत ३. नुसता बॅलन्स बघितला तरी एक मोजतात, पुढं प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत आणि वर टॅक्स. खात्यातून कापले पण नोटा आल्या नाहीत तर स्लिप ठेवा, तक्रार आपल्याच बँकेत करा, ५ दिवसांत पैसे परत नाही आले तर पुढं रोज १०० रुपये भरपाई मिळते.

आणि न केलेल्या खरेदीचा मेसेज आला तर सकाळची वाट बघू नका, अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करा, बँकेला फोन लावा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावा, आणि दोन्हीकडून तक्रार नंबर लिहून घ्या.