गुटी, मध, कापूर, धुरी… तान्ह्या बाळाला घरचं औषध देताना या चुका टाळा

डॉक्टरांनी विचारलं, बाळाला बाहेरचं काही दिलंय का, आणि मी बिनधास्त सांगितलं, नाही हो, फक्त अंगावरचं दूध. खोटं बोलायचं असं मनातही नव्हतं. गुटी, म्हणजे मुळ्या सहाणेवर उगाळून चाटवतात ती, "बाहेरचं" मध्ये येते हे डोक्यातच आलं नाही, कारण गुटी म्हणजे घरचीच ना, आईने दिलेली, तिच्या आईने तिला दिलेली.

झालं असं होतं की लेक पाच आठवड्यांची, संध्याकाळी सातला जी रडायला लागायची ती दहापर्यंत थांबायची नाही. त्या दिवशी सकाळी न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी गुटी चाटवलेली, दुपारी आईने परत दिली कारण तिला मावशींचं माहीतच नव्हतं, आणि रात्री मी गुपचूप जायफळाचे दोन वेढे (सहाणेवर गोल फिरवून उगाळतात ते) जास्त उगाळले कारण झोप हवी होती, तिला नाही, मला. पोरगी झोपली ती सहा तास उठलीच नाही, तळवे चोळले, गाल चोळले, दूध ओढेना. तिला घेऊन धावलो. सुदैवाने सकाळपर्यंत नीट प्यायला लागली, पण ती रात्र मी विसरणार नाही.

तर पहिली चूक हीच. गुटी हे औषध आहे. जायफळाने झोप येते ती त्यात तसा गुण आहे म्हणूनच येते, आणि ज्यात गुण आहे ते जास्त झालं तर त्रासही होणार. मुंबईत गिरण्या जोरात होत्या तेव्हा कामावर जाणाऱ्या कितीतरी बायका तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन जायच्या, बाळ दिवसभर शांत. जायफळाची तुलना अफूशी करत नाहीये, उगाच भांडू नका, पण "किती छान झोपलं" म्हणजे औषध लागू पडलं असं नाही एवढंच म्हणतेय.

वेढ्यांचा हिशोब

गुटीचं माप म्हणजे वेढे. हळकुंडाचा एक, हिरड्याचे दोन, वेखंडाचा अर्धा वगैरे. आता तुमची सहाण नवी खरखरीत असेल आणि माझी आजीच्या काळातली गुळगुळीत, तर एका वेढ्यात सारखंच उतरेल का? हात कुणाचा जड कुणाचा हलका, मुळी ताजी का तीन वर्षं डब्यात पडलेली, सगळ्यावर फरक पडतो. त्यामुळे "एवढंस्संच तर दिलं" हे आपल्याला वाटतं, नक्की किती गेलं ते कुणालाच माहीत नसतं. वर घरात तीन जणी देणाऱ्या असल्या की माझ्यासारखं होतं. द्यायचीच असेल तर देणारा माणूस एकच ठेवा, आणि काय दिलं, कधी दिलं ते कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशोब लिहितो तसं.

आणि वेखंड. बाळ लवकर बोलायला लागतं, शब्द स्पष्ट येतात म्हणून आवडीने देतात आणि उलट्याही त्याने होतात. अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थात घालायला बंदी आहे. मी तरी पोटात देणार नाही.

काष्ठौषधीच्या दुकानातून गुटीचं तयार पाकीट आणलं तर आत काय काय आहे ते एकदा जाणकाराकडून ओळखून घ्या. मायफळ आणि जायफळ नावाने जुळे भाऊ, गुणाने अजिबात नाहीत, एक तुरट, जुलाबावर देतात ते, आणि दुसरं झोप आणणारं. अतिविष आणि बचनाग तर एकाच कुळातले, पहिलं गुटीत घालतात, दुसरं जहाल विष. रस्त्याकडेला मुळ्या मांडून बसलेल्याकडून स्वस्तात घेतली तर चूक कुणाच्या लक्षात येणार?

बरं, मुळ्या चांगल्या असल्या तरी सहाणेचं काय? देवपूजेच्या चंदनाची तीच, नळाचं पाणी, उगाळून झाल्यावर ओल्या मुळ्या परत डब्यात बंद. पावसाळ्यात उघडून बघा, पांढरी बुरशी दिसेल. गुटीनंतर जुलाब लागले की आजी म्हणते पोट साफ होतंय. नाही हो, पोट बिघडतंय. उकळून गार केलेलं पाणी, वेगळी सहाण, आणि मुळ्या पुसून कडक उन्हात वाळवूनच ठेवायच्या. काही घरांत सोन्याची अंगठीपण उगाळतात, ते तर बंदच करा, जुन्या केडीएम दागिन्यांच्या टाक्यात (जोडकामात) कॅडमियम हा विषारी धातू असायचा, ते नाव आलंच त्यावरून.

खरं म्हणजे पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब तेवढे चालतात. हे आईला समजावून सांगायला मला दोन महिने लागले ते सोडा.

मग गुटी आमच्या पिढीला कशी लागू पडली? याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. तान्ह्या बाळांचं हे संध्याकाळचं रडणं दोनतीन आठवड्यांनी सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीनचार महिन्यांत आपोआप ओसरतं. म्हणजे रडणं शिखरावर असताना आपण गुटी सुरू करणार, ग्राइप वॉटर देणार, दृष्ट काढणार, आणि त्यानंतर ते कमीच होणार, मग जे शेवटी केलं त्याला क्रेडिट. (ग्राइप वॉटरपण आजीबाईच्या बटव्यातलं नाही बरं का, १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला निघालं आणि त्यात तेव्हा चक्क अल्कोहोल होतं.) ढेकर काढणं, उभं धरून फिरवणं, अंधाऱ्या खोलीत छातीशी घेणं एवढ्यावर वेळ काढता येतो. हिंगाचा लेप बेंबीभोवती बाहेरून लावा हवा तर, त्वचा लाल झाली तर धुवून टाका, पोटात मात्र नको. ओव्याची पुरचुंडी शेकताना आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, तव्यावरची पुरचुंडी बाळाला चटकन भाजते.

मध

मध एक वर्षाच्या आत नाही म्हणजे नाही. महाबळेश्वरहून आणलेला असो, जंगलातला अस्सल असो, बोटाला लावून एकदाच चाटवायचा असो. मधात बोट्युलिझमचे जंतू सुप्त अवस्थेत असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. आधी बाळाला शी होत नाही, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढायची ताकद जाते, मान लुळी पडते. अस्सल म्हणजे शुद्ध, पण शुद्ध मधातही हे जंतू असू शकतात, आणि घरी गरम करून ते मरत नाहीत. पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन देतात त्यातही मध असतो, लहान बाळाला रांगेत नेण्याआधी विचारा. वर्ष झाल्यावर मात्र रात्रीच्या खोकल्यावर अर्धा चमचा मध मी स्वतः देते, बरं वाटतं.

सर्दीत आपण जे करतो त्यात सगळ्यात घाबरवणारा कापूर. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि मूल रांगायला लागलं की देवघरातल्या वड्या हाताला लागतात, दिसतातही खडीसाखरेसारख्या. दुपट्याला कापराची पुरचुंडी बांधू नका, कापूर घातलेलं खोबरेल तेल किंवा बाम दोन वर्षांच्या आत छातीला नाकाला नको. निलगिरीच्या तेलाचंही तेच, एखाददोन चमचे पोटात गेले तरी प्रकरण गंभीर. धुरीने खोली कोंदून टाकायची आणि सर्दी झालेल्या बाळाला त्यात धरायचं हे तर मला कधी कळलंच नाही, आपल्यालाच खोकला येतो तिथे. नाकात तेलाचे तुपाचे थेंबही नको, ते फुप्फुसात उतरतं. टाळूवर हलक्या हाताने तेल लावा, हरकत नाही. नाक चोंदलं तर सलाईनचे थेंब घाला, मेडिकलमध्ये सहज मिळतात. एरंडेल "दर शनिवारी पोट साफ" म्हणून पाजणं हे पण जुनंच, पोट साफ होतं पण बाळाच्या अंगातलं पाणीही जातं. काजळ डोळ्यात नको, शिसं असू शकतं. बेंबीला हळद राख काही लावायचं नाही, कोरडी ठेवली की आपोआप पडते.

काही गोष्टींत घरचा उपाय आधी करून बघू हा विचारच नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, श्वास भरभर किंवा छाती आत ओढली जाणं, दूध सोडणं, झटके, आणि तळहात तळपायापर्यंत पोचलेली कावीळ. काविळीला उन्हात धरत आणि माळ घालत दिवस घालवू नका, वाढली तर मेंदूवर जाते.

आणि दवाखान्यात गेल्यावर "बाहेरचं काही?" विचारलं की गुटी, घुट्टी, काढा, जन्मघुट्टी, लेप सगळं सांगायचं. डॉक्टर ओरडतील, ओरडू देत, मलाही ओरडले. चुकून कापूर, तेल, कसलंही काष्ठौषध पोटात गेलं तर बोट घालून उलटी काढायला जाऊ नका, मीठपाणी पाजू नका. तोंडात उरलेलं पुसून काढा, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा, आणि निघताना ती बाटली किंवा गुटीचा डबा जसाच्या तसा बरोबर घ्या.